एकवीस अक्षरांचा बंदोबस्त

(पडद्यावर: तंबाखूच्या रोपाचं जुनं कृष्णधवल छायाचित्र)

हे छायाचित्र जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं आहे. 1928 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एस. ए. विंगार्ड या वनस्पतिरोगतज्ज्ञाने तंबाखूच्या रोपाला मुद्दाम रिंगस्पॉट विषाणूची लागण केली. खालची पानं बघा. एकात एक गुंतलेली वलयं, मध्ये जळालेले ठिपके. आता नजर वर न्या. नंतर फुटलेली पानं स्वच्छ आहेत. विंगार्डने या वरच्या पानांना तोच विषाणू पुन्हा चोळला, तरी रोग आला नाही.

रोप आजारी पडलं आणि बरं झालं. एवढंच नाही, तर त्याला आजार लक्षात राहिला. पण झाडात रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, अँटिबॉडी नाहीत. मग लक्षात ठेवलं कुणी? या प्रश्नाचं उत्तर मिळायला सत्तर वर्षं लागली. त्या उत्तरावर आज अब्जावधी डॉलरची औषधं उभी आहेत. या कथेत झाडांना मिळायला हवं तेवढं श्रेय मिळालेलं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(पडद्यावर: पेटुनियाची फुलं. जांभळी, पांढरी, चट्ट्यापट्ट्यांची)

पहिला धागा हाती आला तो फुलांच्या धंद्यात. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या एका कंपनीत रिचर्ड जॉर्गनसेन आणि कॅरोलिन नेपोली काम करत होते. पेटुनियाचा जांभळा रंग आणखी गडद करायचा होता. रंग बनवणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत त्यांनी रोपात घातली. जनुक जास्त म्हणजे रंग जास्त, हिशेब सरळ होता. फुलं उमलली तेव्हा तब्बल 42 टक्क्यांपर्यंत रोपांवर पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुलं आली. बाहेरून आणलेलं जनुक तर गप्प होतंच, रोपाचं स्वतःचं मूळ जनुकही त्याच्यासोबत गप्प झालं होतं. हे 1990 साली छापून आलं.

दोन वर्षांनी ओरेगॉनमधल्या संशोधकांनी याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली. विषाणूच्या आवरणाचं प्रथिन झाडात तयार झालं की झाडाला त्या विषाणूपासून संरक्षण मिळतं, हे तोवर माहीत होतं. साहजिकच सगळ्यांना वाटायचं की राखण प्रथिनच करत असणार. ओरेगॉनच्या गटाने ते जनुक मुद्दाम असं मोडलं की त्यापासून प्रथिन बनूच नये. फक्त आरएनए बने, म्हणजे जनुकाची ती नक्कल, जिच्यावरून एरवी प्रथिन बनतं. तरीही तंबाखूला रोग होईना! म्हणजे राखणदार प्रथिन नव्हतंच, आरएनए होता.

मग आला 1998 चा फेब्रुवारी. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीत दुपेडी आरएनए टोचला आणि ठरवलेलं जनुक बंद पाडलं. एकेरी पेडाने हे काम नीट होत नव्हतं, दोन पेड एकत्र आले की लगेच होत होतं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या नॉर्विच इथे अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम यांना झाडांमध्ये पंचवीसेक अक्षरांचे (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक रासायनिक दुवा) आरएनएचे इवलेसे तुकडे सापडले. गप्प झालेल्या जनुकाशी आणि विषाणूशी जुळणारे. 2006 चं नोबेल फायर आणि मेलो यांना मिळालं. बॉलकोम यांचं नाव त्यात नव्हतं. नोबेल तिघांपर्यंत वाटता येतं, त्या वर्षी तिसरी जागा रिकामीच होती. कृमीचा प्रयोग देखणा आणि निर्णायक होता, यात वाद नाही. पण झाडांवर काम करणाऱ्यांच्या मनात ती रिकामी जागा अजून सलते, आणि ते रास्तच आहे.

(पडद्यावर: पेशीच्या आतलं ॲनिमेशन)

आता आत काय घडतं ते पाहू. आपल्या, झाडांच्या, मेंढ्यांच्या पेशीतला संदेशवाहक आरएनए एकपेडी असतो. बऱ्याच विषाणूंचं जनुकीय साहित्य आरएनएचंच असतं, आणि त्याची नक्कल काढताना काही काळ दुपेडी आरएनए तयार होतो. पेशीला संशय येतो तो इथे. डायसर नावाचं विकर त्या दुपेडी धाग्याचे साधारण 21 अक्षरांचे तुकडे पाडतं. त्यातला एक पेड आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो. नाकाबंदीवरच्या पोलिसाच्या हाती फरारी आरोपीचा फोटो असावा तसा आर्गोनॉट तो तुकडा घेऊन फिरतो आणि त्याच्याशी जुळणारा आरएनए दिसला की कापून टाकतो. झाडांमध्ये हे तुकडे पेशीतून पेशीत, आणि अन्नवाहिन्यांतून शेंड्यापर्यंतही जातात. विंगार्डच्या तंबाखूची वरची पानं कोरी राहिली त्याचं कारण हेच. विषाणू पोचायच्या आधी त्याचा फोटो वर पोचला होता.

(पडद्यावर: हवाई बेट. काळी लाव्हाची जमीन, पपईच्या बागा)

हे सगळं नीट समजायच्या आधीच त्याचा उपयोग शेतात सुरू झाला होता. हवाईमधला पुना हा पपईचा मुलूख. ओआहू बेटावर पपईच्या रिंगस्पॉटने (तंबाखूच्या रिंगस्पॉटहून हा विषाणू वेगळा) बागा बसवल्या म्हणून शेतकरी इथे येऊन स्थिरावले होते. मे 1992 मध्ये विषाणू पुनातही येऊन पोचला. 1998 पर्यंत तिथलं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं.

डेनिस गोन्साल्विस हे मूळचे हवाईचेच. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी ही वेळ येणार हे ओळखून आधीच काम सुरू केलं होतं. त्यांच्या गटातल्या मॉरीन फिच यांनी विषाणूच्या आवरणाचं जनुक जनुकबंदुकीने पपईच्या पेशींत घातलं. 1995 मध्ये पुनात चाचणीचा प्लॉट लागला. त्याचा आकाशातून घेतलेला फोटो प्रसिद्ध आहे. भोवतीची पपई पिवळी पडून खुरटलेली, आणि मधोमध हिरवागार चौकोन. मे 1998 मध्ये ‘रेनबो’ या वाणाचं बियाणं शेतकऱ्यांना फुकट वाटलं गेलं. पुनाची पपई वाचली. (लाव्हापासून मात्र तिला कुणी वाचवू शकलं नाही. 2018 च्या किलाउएआ उद्रेकात कपोहोच्या बागा गाडल्या गेल्या.)

मग रेनबोचं बियाणं शहाद्याला आणून लावलं तर? नंदुरबार आणि जळगावच्या पपईवाल्यांना हा रोग चांगलाच परिचयाचा आहे. शेंड्याची पानं पिवळी-हिरवी होतात, मग आकसून दोऱ्यासारखी बारीक होतात. देठावर तेलकट रेघा उमटतात. फळावर वलयं उठतात, आणि व्यापारी माल बघून पुढे निघून जातो. तसा हा आजार आपल्याकडे नवा नाही. 1948 सालीच कपूर आणि वर्मा या शास्त्रज्ञांनी तेव्हाच्या मुंबई प्रांतातून पपईच्या मोझॅकची नोंद केली होती.

पण रेनबोचा इथे फारसा उपयोग होणार नाही, आणि त्याचं कारण त्या 21 अक्षरांतच आहे. रेनबोकडे फोटो आहे तो हवाईच्या विषाणूचा. दुसऱ्या देशांतल्या विषाणूंची अक्षरं वेगळी आहेत. तैवान आणि थायलंडच्या विषाणूंसमोर रेनबो टिकत नाही, हे चाचण्यांत दिसलं आहे. भारतातले पपईचे विषाणू तर एकमेकांपासूनही बरेच वेगळे आहेत. जनुकबदल केलेली पपई भारतात व्यापारी तत्त्वावर लावलीही जात नाही. शेतकरी बागेभोवती मक्याची आडवी ओळ लावतो आणि माव्यावर फवारे मारतो. मावा पानात सोंड खुपसून काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि तितक्याच वेळात शेजारच्या झाडाला देतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

विषाणूही काही गप्प बसलेला नाही. पपईचा रिंगस्पॉट ज्या कुळातला, त्या कुळातल्या विषाणूंकडे एचसी-प्रो नावाचं प्रथिन असतं. ते झाडाच्या या बंदोबस्तावरच घाव घालतं. 1998 मध्ये तीन गटांनी जवळपास एकाच वेळी हे दाखवलं. टोमॅटोला खुरटवणाऱ्या एका विषाणूच्या कुळातलं पी-19 हे प्रथिन त्याहून हुशार. ते तुकड्याची लांबी मोजतं. 21 च्या आसपास भरली की तुकड्याला दोन्ही टोकांनी धरून बसतं, आणि आर्गोनॉट रिकाम्या हाताने फिरत राहतो. मानवी यकृतातला हिपॅटायटिस सी मात्र उलट्या चालीचा. यकृताच्या पेशींत स्वतःच्याच कामासाठी बनणारा एक छोटा आरएनए असतो. हा विषाणू त्याला आपल्या आरएनएच्या टोकाशी चिकटवून घेतो आणि त्याच्या आधाराने वाढतो.

(पडद्यावर: टेक्सेल जातीचा मेंढा)

हे छोटे आरएनए फक्त विषाणूंसाठी नसतात. पेशी आपल्याच जनुकांना आवर घालायलाही असे तुकडे बनवते. तो शोध व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी 1993 मध्ये कृमीतच लावला होता. नोबेल आलं 2024 साली, एकतीस वर्षांनी.

नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटाच्या या मेंढ्याचे पुठ्ठे बघा. स्नायूंची वाढ रोखणारं मायोस्टॅटिन नावाचं एक प्रथिन असतं. टेक्सेलचं मायोस्टॅटिन इतर मेंढ्यांसारखंच आहे, त्यात एकही बदल नाही. मग हे अंग कुठून आलं? 2006 मध्ये बेल्जियमच्या गटाने उत्तर दिलं. या जनुकाच्या संदेशाच्या शेपटीत, जिथून प्रथिन बनतच नाही तिथे, एका जी च्या जागी ए आला आहे. एवढ्याने शेपटीची अक्षरं स्नायूंत भरपूर असणाऱ्या दोन छोट्या आरएनएंशी जुळली. आता ते येऊन चिकटतात, संदेश दाबला जातो, मायोस्टॅटिन कमी बनतं आणि मेंढा गुबगुबीत होतो.

मेंढीतल्या एका अक्षराची दुसरी गोष्ट आपल्या फलटणची आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या चिमुकल्या गॅरोल मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तिथेही एकच अक्षर बदललं आहे, पण ते प्रथिनच बदलतं. टेक्सेलमध्ये प्रथिन तसंच राहतं, फक्त त्याचं प्रमाण घटतं. धनगराला दोन्हीचा अर्थ एकच: कळपाचं उत्पन्न वाढलं.

(पडद्यावर: रुग्णालय, सलाईन)

माणसाच्या पेशीत हा प्रयोग सुरुवातीला फसत होता. लांब दुपेडी आरएनए आत शिरला की आपल्या पेशी इंटरफेरॉनची धोक्याची घंटा वाजवतात आणि सगळंच काम थांबवतात. 2001 मध्ये जर्मनीत थॉमस टुशल यांच्या गटाने लांब धागा न देता थेट 21 अक्षरांचे तयार तुकडे दिले. घंटा वाजली नाही, आणि हवं ते जनुक बंद झालं. औषध कंपन्या तुटून पडल्या. मर्कने 2006 मध्ये 1.1 अब्ज डॉलर मोजून या क्षेत्रातली एक कंपनी घेतली. मग लक्षात आलं की तुकडा रक्तात टिकत नाही आणि हव्या त्या अवयवात पोचत नाही. 2010 मध्ये रोशने यातून अंग काढून घेतलं.

चिवटपणे टिकून राहिली ती अल्नायलम ही अमेरिकी कंपनी. तिने तुकडा मेदाच्या सूक्ष्म गोळीत भरला. अशा गोळ्या यकृत आपणहून उचलतं. ऑगस्ट 2018 मध्ये अमेरिकेत पॅटिसिरान या औषधाला मान्यता मिळाली. एका आनुवंशिक आजारात यकृतातून निघणारं प्रथिन नीट घडी न पडता मज्जातंतूंवर आणि हृदयावर साचतं, त्यावरचं हे औषध, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून देतात. पुढे गोळीही नको झाली. तुकड्याला एक खास साखर जोडली की यकृताच्या पेशी ती ओळखून आत ओढतात. कोलेस्टेरॉलवरचं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन असंच आहे. सुरुवातीचा डोस, तीन महिन्यांनी दुसरा, पुढे वर्षातून दोनदा. वाईट कोलेस्टेरॉल साधारण निम्म्यावर येतं. सहा महिने परिणाम टिकतो, कारण रसायनांनी मजबूत केलेला तुकडा पेशीत दीर्घकाळ तगून राहतो आणि आर्गोनॉट तोच वापरून संदेशामागून संदेश कापत राहतो.

(पडद्यावर: चवळीचं पान, जवळून. त्यावर फवाऱ्याचे थेंब)

आणि झाडांकडे परत काय आलं? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने 2017 मध्ये दुपेडी आरएनए मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर चढवून पानांवर फवारला. नुसता आरएनए पाण्याने धुऊन जातो, पापुद्र्यावरचा चिकटून राहतो आणि हळूहळू सुटतो. एका फवारणीने 20 दिवस संरक्षण मिळालं. झाडाच्या जनुकांना हात लावायची गरज पडली नाही. दोन वर्षांनी याच गटाने चवळीवर दाखवलं की माव्याने आणलेला विषाणूही असा अडवता येतो, आणि तो विषाणू पपईच्या रिंगस्पॉटच्याच कुळातला होता. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने बटाट्यावरच्या भुंग्यासाठी आरएनएच्या एका फवारणीला मान्यता दिली.

पपईसाठी हे सोपं नाही. पीक शेतात दीड-दोन वर्षं उभं असतं, शेंड्याला सतत नवं पान येतं, आणि 20 दिवसांनी पुन्हा फवारा म्हणजे मजुरी आणि औषध दोन्हींचा हिशेब आला. फायदा एकच, पण मोठा. रेनबो घडवायला वर्षं गेली आणि तिच्यातला फोटो कायमचा ठरून गेला. फवाऱ्यातल्या आरएनएची अक्षरं प्रयोगशाळेत काही आठवड्यांत बदलता येतात. हवाईसाठी एक आणि शहाद्यासाठी दुसरा, असं मिश्रण करता येईल. शहाद्याच्या बागांत या हंगामात नेमके कोणते विषाणू आहेत, हे पानं गोळा करून वाचणं, ही त्यातली पहिली पायरी.