तक्त्यात नसलेला रकाना

इथे जमलेल्या संस्थांच्या निम्म्या मंडळींची आजची सकाळ चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा धर्मादाय कार्यालयात दिलेला अर्ज, कुठे अडकला हे विचारण्यात गेली असणार, म्हणून कायद्यापासूनच सुरुवात करते. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. म्हणजे नोंदणी नंबर मिळायच्या वीस वर्षं आधीपासून नाशिककर संस्था चालवतायत. आणि त्यात भांडतायतही.

विषय दिलाय ‘स्वयंसेवी संस्थांचा आवाज’. तो कमी पडतो असं मला वाटत नाही. आपण भरपूर बोलतो, पण तोंड सदा पैसे देणाऱ्याकडे.

माझंच सांगते. मी पेठ तालुक्यात काम करते. ऑक्टोबरात द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की आमचे पाडे ओस पडतात. माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांवर. विचारलं तर शेजारी म्हणतात, ‘जगायला गेलेत.’ लेकरं सोबतच. अंगणवाडीच्या रजिस्टरात त्यांच्यापुढे ‘गैरहजर’ लागतं. बागेच्या कडेला प्लास्टिकच्या झोपडीत त्यांचं वजन कोण करणार? तिथल्या यादीत ती नसतातच. परत आलेलं पोर काट्यावर ठेवलं की वजन उतरलेलं.

हे आम्हाला चार वर्षं दिसत होतं. आमच्या अहवालात त्याची एक ओळ नाही. ज्या कंपनीच्या सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या पैशावर, प्रकल्प चालायचा, तिच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. लाभार्थी, प्रशिक्षणं, फोटो, एवढेच रकाने. आम्ही निमूट भरले. स्थलांतर लिहिलं असतं तर लाभार्थ्यांचा आकडा घटला असता, आणि मग पुढचा हप्ता… असो. कंपनीला काय बोलायचं? २०१३ च्या कायद्याप्रमाणे तिला नफ्याचे दोन टक्के खर्चायचे असतात आणि हिशेब मार्चअखेर मिटवायचा असतो. आपली वही वेगळी ठेवायला आपल्याला कुणी अडवलं होतं?

वहीनं काय होतं ते गडचिरोलीत बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि जन्म-मृत्यू लिहीत गेले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. २०११ मध्ये केंद्रानं हे काम आशाताईंकडे दिलं. आज आशा बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात फेऱ्या मारते, त्या तिथून आल्या. पण मला त्यात सगळ्यात मोठी गोष्ट दुसरीच वाटते. जिथे त्यांचं हे काम नव्हतं, त्या गावांतले मृत्यूही त्यांनी मोजले. आपल्यापैकी कोण मोजतं? लाभार्थी नसलेल्यांचा रकाना कुणाच्या तक्त्यात आहे?

पैशाचं थोडक्यात. अशी वही लिहिणाऱ्या माणसाचा पगार ‘प्रशासकीय खर्चा’त धरतात. परदेशी देणगीतून हा खर्च ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, त्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं तो २० वर आणला. आपल्यातल्या बहुतेकांकडे परदेशी देणगी घ्यायची नोंदणीच नाही, तरी इथले देणगीदारही तोच सूर लावतात. यावर सगळ्यांनी मिळून बोलावं लागेल. एकट्यादुकट्यानं बोललं की रडगाणं वाटतं.

शेवटी आम्ही वही घातली, आणि यंदा अहवाल ग्रामसभेत वाचला. मराठीत, हो. आधी तो इंग्रजीतच असायचा! पहिल्याच पानावर एका आजीनं थांबवलं. म्हणाली, ‘बागेवर गेलेल्या पोरांत माझी नात नाही. ती जन्मलीच बागेवर.’ जन्म तिकडचा म्हणून आमच्या यादीत नाही, घर इकडचं म्हणून तिकडच्या यादीत नाही. आम्ही तिथेच पट्टीनं रेघ मारून नवा रकाना पाडला. मग पाड्यांवर फिरलो, तर तशी आणखी नावं निघाली. सोमवारी ती यादी घेऊन जिल्हा परिषदेत जातोय. दिंडोरी-निफाडकडच्या कुणाकडे बागांवरच्या मुलांच्या नोंदी असतील, तर चहाच्या वेळी मला गाठा.