व्हिसा लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका

नमस्कार मंडळी. समोर बघतोय तर निम्मे आजी-आजोबा दिसतायत आणि मागच्या रांगेत दोन-चार टॉवेलवाले कारखानदार बसलेत, म्हणजे विषय बरोबर माणसांपर्यंत पोचतोय. मुलगा अमेरिकेत, मुलगी लंडनला, नातवंडं तिकडेच जन्मलेली आणि पासपोर्टपण तिकडचेच, हे जुळे सोलापुरात काय नि पूर्व भागात काय, सगळीकडे आहे. आणि "त्या पासपोर्टला व्हिसा लागत नाही" एवढं ऐकलं की लोक तिकिटं काढून मोकळे होतात. मला आज एकच सांगायचंय, की व्हिसा लागत नसला तरी बऱ्याच देशांत निघायच्या आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, घरातल्या प्रत्येक पासपोर्टचा नियम वेगळा असतो, आणि परवानगी नसेल तर अडवणारा माणूस लंडनला नसतो, मुंबईला चेक-इनच्या काउंटरवरच असतो.

तो काउंटरवरच का अडवतो ते समजून घ्या. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला तर एअरलाइनला दंड होऊ शकतो आणि त्या माणसाला परत आणायची जबाबदारीपण तिच्यावरच पडते. त्यामुळे तुमचा पासपोर्ट स्कॅन झाला की तिकडच्या सरकारची परवानगी आहे का हे आधी बघतात, आणि नसेल तर बोर्डिंग पास निघत नाही. तिथं हुज्जत घालून उपयोग नाही, काउंटरवरच्या बिचाऱ्या मुलीच्या हातात काही नसतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सामानसुमान, चटण्या, पोरंबाळं घेऊन पोचायचं आणि तिथून परत फिरायचं, हे कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं म्हणून एवढं बोलतोय.

या ऑनलाइन परवानगीची सुरुवात ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये केली. अमेरिकेने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००७ मध्ये कायदा केला आणि १२ जानेवारी २००९ पासून एस्टा, म्हणजे व्हिसा न लागणाऱ्यांसाठीची त्यांची ऑनलाइन परवानगी, सक्तीचा झाला. मग कॅनडा आला, न्यूझीलंड २०१९ ला, कोरिया २०२१ ला. ब्रिटनने २०२३ मध्ये कतारपासून सुरुवात केली, ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचे पासपोर्टवाले त्यात आले आणि २ एप्रिलपासून युरोपवाले.

आता खरी गुंतागुंत बघा. समजा मुलगा-सून भारतीय पासपोर्टवर आहेत, ग्रीन कार्ड आहे, आणि दोन्ही नातवंडं अमेरिकन नागरिक. सुट्टी संपवून सोलापुरातून परत जाताना दोन दिवस लंडन बघू म्हणाले. तर आईवडिलांना ब्रिटनचा रीतसर व्हिसा लागणार आणि पोरांना ईटीए, म्हणजे हीच ऑनलाइन परवानगी. एकाच घरातली चार माणसं, एकच विमान, पण अर्ज दोन प्रकारचे, आणि व्हिसाला आठवडे लागतात तर ईटीए बहुतेक वेळा लवकर मिळतो, तरी तीन वर्किंग डेज हातात ठेवा असं ब्रिटिश सरकारच सांगतं. सगळ्यात जास्त घोळ तान्ह्या बाळाचा होतो. बाळ मांडीवर बसणार, सीट नाही, मग त्याला कशाला पाहिजे असं वाटतं, पण पासपोर्ट आहे म्हणजे ईटीए पण स्वतंत्र पाहिजे. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर बाहेर न पडता नुसतं विमान बदलायचं असेल तर पोरांना ईटीए लागत नाही, आईवडिलांचे ट्रान्झिटचे नियम वेगळे, ते वेगळे बघायचे. अमेरिकेत मात्र नुसतं विमान बदलायचं असलं तरी एस्टा किंवा व्हिसा लागतोच.

ब्रिटिश पासपोर्टवाली नात टोरांटोला विमानाने निघाली तर ७ कॅनेडियन डॉलर भरून ईटीए घ्यायचा, पण तीच अमेरिकेतून गाडीने कॅनडात शिरली तर ईटीए लागत नाही, आणि अमेरिकन नातवाला तर विमानानेही लागत नाही. म्हणून शेजारच्यांना विचारून ठरवू नका. शेजाऱ्यांच्या नातवाचा पासपोर्ट कुठला, तो गेला कसा, यावर सगळं आहे.

परवानगी त्या एका पासपोर्ट नंबरला जोडलेली असते हे पक्कं डोक्यात ठेवा. एस्टा आणि ब्रिटनचा ईटीए दोन वर्षं चालतो, पण पासपोर्ट आधी संपला तर तोपण संपला. अमेरिकेत १६ वर्षांच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे पोरांचा पासपोर्ट नवा झाला की नवा अर्ज. फॉर्म भरताना शून्य आणि इंग्रजी ओ यात गल्लत होते, आणि आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये टाकायची सवय, तर तसं करू नका, पासपोर्टवर जसं छापलंय तसंच अक्षर न अक्षर टाका.

पैशाचं सांगतो, कारण इथं लोक सरळ लुबाडले जातात. ब्रिटनच्या ईटीएची फी एप्रिल २०२५ मध्ये १० वरून १६ पाउंड झाली, एस्टा त्याच वर्षी सप्टेंबरअखेर २१ वरून ४० डॉलर झाला. सर्च केलं की वरती ज्या जाहिराती येतात त्यातल्या काही वेबसाइट सरकारी दिसतात पण खाजगी असतात आणि मूळ फीच्या कितीतरी पट पैसे घेतात, वर तुमच्या पासपोर्टची सगळी माहिती त्यांच्याकडे जाते. पत्ता बघायचा. अमेरिकेचा डॉट जीओव्हीने संपतो, ब्रिटनचा जीओव्ही डॉट यूकेने. अर्ज मोबाइलवर होतो, एजंटची गरज नाही.

आणि परवानगी मिळाली म्हणजे प्रवेश नक्की असं नाही, शेवटचा निर्णय उतरल्यावर तिथला अधिकारी घेतो. एस्टामध्ये आणखी एक आहे, १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरियासारख्या ठराविक देशांत कोणी जाऊन आलेला असेल तर बहुतेक वेळा त्याला एस्टा चालत नाही, व्हिसाच काढावा लागतो. ब्रिटिश पासपोर्टवाला जावई धंद्यानिमित्त तिकडे जाऊन आला असेल तर आधी विचारून घ्या.

मागे बसलेल्या कारखानदारांसाठी, आपल्या भारतीय पासपोर्टलाही हे आता लागू होतंय. चादरी-टॉवेलच्या ऑर्डरसाठी नैरोबीला जायचं असेल तर केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला आणि ३० डॉलरचा ईटीए आणला. श्रीलंकेचा ईटीए २०१२ पासून आहे. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे पोचायच्या आधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, केलंय, ते फुकट आहे आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, मलेशियाचंही तसंच. या दोन कार्डांसाठी पैसे मागणारी साइट दिसली तर लगेच बंद करा.

पहिल्या रांगेतल्या मावशींनी मगाशी चिठ्ठी दिलीय, लंडनची नात पॅरिसला फिरायला जाणारे, तिला काही लागेल का. युरोपचा ईटियास, म्हणजे तिकडची अशीच ऑनलाइन परवानगी, अजून सुरू व्हायचाय, २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करणार असं युरोपियन युनियनने जाहीर केलंय. सुरू झाला की ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना लागेल, ३० देशांसाठी एकच, फी २० युरो, चालणार तीन वर्षं. १८ च्या आतल्यांना आणि ७० च्या वरच्यांना फी माफ, अर्ज मात्र त्यांनाही करायचाय. आणि मावशी, तुम्ही तिच्याबरोबर पॅरिसला जाणार असाल तर तुमचा पासपोर्ट भारतीय आहे, तुम्हाला शेंगेन व्हिसाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, काढावा लागेल, त्याची अपॉइंटमेंट आधी बघा आणि मगच तिकीट काढा.