काल केलं तेच पुन्हा

(नाशिकमधल्या एका वाचनालयात, नाताळच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात, लहान मुलांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार. मघाशी मी जिना चढत होते तेव्हा एका आईने मला थांबवलं. कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी, हाताला धरलेला पाच वर्षांचा मुलगा. त्या म्हणाल्या, "बाई, पंचवीसपासून शाळा बंद. मला रजा मिळालीय दोनच दिवसांची. आठवडाभर यांचं करायचं काय?" मी म्हटलं, वर चला, त्यावरच बोलायला आलेय. त्या समोर बसल्या आहेत. त्यांचा मुलगा मागे सतरंजीच्या सुतळ्या ओढतोय, त्याला ओढू द्या.

हा प्रश्न दिवाळीच्या सुट्टीत मला कुणी विचारत नाही. दिवाळीत मुलांचं काय करायचं हे आपल्या आधीच्यांनी ठरवून ठेवलंय. किल्ल्याला माती आणायची, त्यावर हळीव पेरायचे, सोऱ्यापाशी घुटमळायचं, पहाटे डोळे चोळत पाटावर बसायचं. मागच्या वर्षी असंच झालं होतं आणि यंदाही तसंच होणार, हे चार वर्षांच्या मुलालासुद्धा ठाऊक असतं. नाताळची सुट्टी मात्र आपल्यापैकी बऱ्याच घरांत शाळेच्या वेळापत्रकातून आली. तिच्याबरोबर ना कुठला पदार्थ आला, ना कुठलं काम. म्हणून ती रिकामी वाटते, आणि मग आपण ती भरायला निघतो. सोमवारी मॉल, मंगळवारी शिबिर, बुधवारी वॉटर पार्क. गुरुवारी मूल तापाने फणफणलेलं असतं आणि आपण दमून चिडलेले असतो.

ज्यांच्या घरात ही सुट्टी पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्याकडे बघा. एका डिसेंबरमध्ये मी म्हापशाला मैत्रिणीकडे राहिले होते. नाताळचा फराळ, तिकडे त्याला कुस्वार म्हणतात, तो चालला होता. दोदोल, नेवऱ्या, बेबिंका हे मोठ्यांचं काम. कुलकुलांवर मात्र मुलांचा हक्क. पिठाची सुपारीएवढी गोळी घ्यायची, जेवणाच्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि गुंडाळत काढायची. अंगावर रेघा उठलेला छोटा शंख तयार होतो. मैत्रिणीचा नातू चार वर्षांचा. त्याचे पहिले दहा-बारा शंख म्हणजे नुसते चुरगळलेले गोळे होते. कुणी ते सरळ केले नाहीत. बाकीच्यांबरोबर तेही तळणीत गेले. तासाभराने त्याच्या अंगठ्याला जोर कुठे द्यायचा ते कळलं आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या त्याने विचारलं, "आज परत करायचे ना?"

हे "परत" म्हणजेच माझं आजचं सगळं बोलणं आहे.

तीस वर्षं मी बालवाडीत होते. मुलांना सतत नवं काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर ती कंटाळतात, अशी मोठ्यांची ठाम समजूत असते. माझा अनुभव उलटा आहे. पाचेक वर्षांपर्यंतच्या मुलाला कालचंच हवं असतं. गोष्ट संपली की "पुन्हा सांग". घसरगुंडीवरून खाली आलं की पळत परत शिडीकडे. आपल्याला ते तेच ते वाटतं. मुलाला पुढे काय होणार हे माहीत असतं, म्हणून ते निर्धास्त असतं, आणि निर्धास्त असलं की काल न दिसलेलं त्याला आज दिसतं.

माझ्या घरातलं उदाहरण देते. माझा नातू ठाण्याला राहतो, आता चार वर्षांचा झालाय. गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत तो आठ दिवस माझ्याकडे नाशिकला होता. पहिल्या सकाळी मी अंघोळीआधी त्याच्या अंगाला तेल लावायला बाटली उलटी केली, तर तेल आलंच नाही. खोबरेल गोठलेलं होतं. तुम्हा-आम्हाला त्यात विशेष ते काय, पण ठाण्याच्या मुलाने हे कधी पाहिलंच नव्हतं. त्याने बाटली हलवली, तोंडाला डोळा लावून आत बघितलं, म्हणाला, "आजी, तेल झोपलंय." आम्ही बाटली कोमट पाण्याच्या तांब्यात उभी केली. आधी कडेचं तेल काचेसारखं स्वच्छ झालं आणि मधे पांढरा खांब राहिला. मग तो खांब बारीक होत होत तरंगायला लागला.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडताच तो स्वयंपाकघरात. "झोपलंय का?" झोपलेलं होतं. पुन्हा तांब्या, पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशी त्याने पाण्यात बोट घालून सांगितलं, हे गार आहे, याने नाही होणार. चौथ्या दिवशी बाटली उन्हात ठेवायची कल्पना त्याची. पाचव्या दिवशी आभाळ आलं होतं, थंडी कमी होती आणि तेल पातळच राहिलं. तेव्हा तो खरा चकित झाला. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. पण आज थंडी कमी म्हणून तेल जागं आहे, एवढं त्याचं त्याने जोडलं. पाच दिवस तीच बाटली नसती तर हे झालं नसतं.

आता त्याच सुट्टीतली माझी चूकही सांगते. लेक-जावई दोन दिवस आले होते. वाटलं, पोरांना हुरडा दाखवू. नगरच्या बाजूला एका ठिकाणी आगाऊ पैसे भरले, गाडीतून तीन तास गेलो. तिथे बैलगाडी होती, उंट होता, झोके होते, जादूचे प्रयोग होते आणि लाऊडस्पीकरवर गाणी. नातू गाडीत दोनदा ओकला होता, त्यामुळे उतरला तोच मरगळलेला. उंटाला बघून किंचाळला. आगटीजवळ मात्र एक बाई बसल्या होत्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणीस फिरवायचं, बाहेर काढायचं, दोन तळव्यांत चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे समोरच्या ताटलीत टाकायचे, असं त्यांचं चाललं होतं. नातू तिथे बसला आणि हलेना. त्याला ते पुन्हा पुन्हा बघायचं होतं. आम्ही काय केलं? "चल, बैलगाडी राहिली, परत निघायला उशीर होतोय" म्हणून त्याला उचललं. तो गाडीपर्यंत रडत गेला. तिथल्या सगळ्या थाटामाटातून त्याने एकच गोष्ट स्वतःसाठी निवडली होती आणि तीच आम्ही हिसकावली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आल्यावर ते भरून काढलं ते मटारांनी. डिसेंबरात मटार स्वस्त होतो, दोन किलो आणला आणि गच्चीवर चटई टाकली. तीन वर्षांच्या मुलाला शेंग फोडता येत नाही, शिवणीवर दाबायला अंगठ्यात तेवढी ताकद नसते. देठाकडचं टोक मोडून शिरेचा दोरा अर्धवट ओढून द्या, उरलेलं ते करतं. शेंग "टक्‌" करून उघडते तो आवाज त्याला फार आवडतो. आत दाणे ओळीने बसलेले. मधले मोठे, टोकाचे बारके. नातवाने त्यांना बाबा, आई आणि बाळ म्हणायला सुरुवात केली. एका शेंगेत अळी निघाली, मग अर्धा तास त्या अळीचा. दोन किलोला आम्हाला दोन दुपारी लागल्या. माझ्या एकटीचं ते पाऊण तासाचं काम. पण सुट्टीत वेळच तर घालवायचा होता, आणि संध्याकाळच्या उसळीत "हे मी सोललेत" असं तो प्रत्येकाला घासागणिक सांगत होता.

तुम्ही म्हणाल, बाई निवृत्त आहेत, त्यांना दोन दुपारी आहेत. मान्य. ज्यांच्या घरी दोघंही नोकरीला जातात आणि आजी-आजोबा गावाला आहेत, त्यांच्याकडून मी दोन दुपारी मागत नाही. दिवसातून एकच गोष्ट ठरवा, वीस मिनिटांची, रोज त्याच वेळी, रोज तीच. रात्री विरजण लावणं घ्या. थंडीत दही लागत नाही ही आपली तक्रार असते. मुलाला पातेलं टॉवेलात गुंडाळू द्या, सकाळी झाकण त्यालाच उघडू द्या. एक दिवस दही लागेल, एक दिवस दूधच राहील. हे काम बाबाही करू शकतात, आणि मी तर म्हणेन बाबांनीच करावं. आमच्या बालवाडीत सुट्टीनंतर मुलं गोलात बसून घरच्या गोष्टी सांगायची, त्यात बाबा यायचे ते बहुतेक गाडी चालवताना नाहीतर फोनवर बोलताना. बाबांबरोबर दही लावलं, असं सांगणारं मूल मला फार क्वचित भेटलं.

ही दृष्टी माझी एकटीची नाही. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या आणि पुढे ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर वाढलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर आणणार कुठून? त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मी शिकत असताना कोसबादला गेले होते. बियांचे ढीग लावत बसलेली मुलं बघून तेव्हाच मला उमगलं, की शिकायला लागणारं सामान मुलाच्या आसपास पडलेलंच असतं, ते उचलून त्याच्यापुढे ठेवणारं आणि शेजारी बसणारं माणूस लागतं.

झोपेबद्दल थोडं. सुट्टीत मुलं उशिरा उठतात म्हणून रागावू नका. जूनमध्ये नाशिकला सूर्य सहाच्या आधी उगवतो. आता सात वाजून जातात, आणि गंमत अशी की 22 डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागला तरी सकाळ जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जाते. अंधारात मूल उठत नाही, त्यात त्याचा दोष नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिला, आणि त्याच ठिकाणी दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीन दिवसाला एक तासाच्या वर नको, असंही म्हटलंय. मोबाइल अजिबात देऊ नका, असं मी सांगणार नाही. पोळ्या लाटायच्या असतात, ऑफिसचा फोन चालू असतो, मला कळतं. पण तो तासही ठरलेला असू द्या, एकाच वेळचा. हट्ट केला की मिळतो, असा नको.

आणि आता जे सांगतेय ते कृपा करून नीट ऐका. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर दार-खिडकी बंद करून मुलाला अंघोळ घालू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणसाला कळायच्या आत गुंगी येते. दर थंडीत आपण अशा बातम्या वाचतो. शेगडी पेटवून खोली बंद करणंही तसंच. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, कूट करून द्या. पुढे संक्रांतीला बोरन्हाण कराल तेव्हा बोरं आणि हरभरे मुलांच्या ओंजळीत पडतील. लहानग्यांनी त्यातलं काय तोंडात घातलं, यावर एकाने लक्ष ठेवायचंच.

बोरन्हाणाचं नाव निघालंच तर सांगते, या सुट्टीला आपल्या घरात पाळंमुळं हवी असतील तर संक्रांत पुढे उभीच आहे. सुट्टीत तीळ निवडायला बसा. काळ्या पाटीवर पांढरे तीळ पसरले की तीन वर्षांच्या मुलालाही खडा दिसतो. यंदा निवडा, पुढच्या वर्षीही निवडा. तिसऱ्या वर्षी मूल स्वतः विचारेल, "तीळ कधी निवडायचे?"

माझा नातू येत्या चोवीसला येतोय. परवा त्याच्या आईने फोन लावून दिला. माझी तब्येत नाही, कुत्र्याची चौकशी नाही, त्याने पहिला प्रश्न विचारला, "आजी, तुझं तेल झोपायला लागलं का?" मी उठून बघून आले. मंडळी, यंदा थंडी जरा उशिरा आलीय. पण काल सकाळी बाटलीच्या तळाशी पांढरं दिसायला लागलं होतं. मी ती त्याच जागी, ओट्याच्या खिडकीत ठेवलीय, आणि तांब्याही शेजारीच.