माझ्याकडे ऑइलचं काम

नमस्कार श्रोतेहो.

बैलगाडा शर्यतीच्या घाटात तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर आज मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुम्हाला आधीच ठाऊक आहे. सकाळपासून माणसं उन्हात ताटकळलेली, बैलांची आंघोळ, शिंगांना रंग, कोण कुणाशी जुंपायचा यावरून वाद. आणि गाडा सुटला की दहा-पंधरा सेकंदांत सगळा खेळ आटोपलेला.

मी ज्या शर्यतीबद्दल बोलतोय ती याहूनही लहान असते. साडेपाच, फार तर पावणेसहा सेकंद. अमेरिकेत तिला नॉस्टॅल्जिया ड्रॅग रेसिंग म्हणतात. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि दोघी सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळतात. वळण नाही, फेऱ्या नाहीत. पट्टा संपताना आमच्या गाडीचा वेग ताशी अडीचशे मैलांच्या घरात असतो. किलोमीटरमध्ये तो आकडा चारशेच्या आसपास येतो. मागून पॅराशूट उघडतं आणि गाडी थांबते. गाडी साठच्या दशकातल्या घडणीची, म्हणून नाव नॉस्टॅल्जिया.

कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डच्या उत्तरेला बदामाच्या बागांच्या मुलखात फमोसो नावाचा पट्टा आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानं उतरायची. त्या भागात मी नोकरीला आहे, पाणीपुरवठ्याच्या कामात. शनिवार-रविवारी एका टीममध्ये बिनपगारी हमाली करतो. टीम सात जणांची. मालक सत्तरी ओलांडलेले, जन्मभर वेल्डिंग केलेले गृहस्थ. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, मीही मारतो, पण मनात मी त्यांना मिस्त्रीच म्हणतो. क्लच त्यांच्या मुलीकडे. एक शाळामास्तर स्पार्क प्लग बघतो. शेतातले पंप दुरुस्त करणारा एक जण सिलिंडर हेड सांभाळतो. आणि माझ्याकडे ऑइलचं काम.

पहिल्या दिवशी मला ते काम फार हलकं वाटलं होतं. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या माणसाने गाडीखाली परात सरकवून ऑइल सोडायचं? मिस्त्री म्हणाले, गाडीला काय झालंय हे सगळ्यात आधी तुला कळणार आहे.

ते कसं, हे सांगायचं तर आधी नायट्रोमिथेनबद्दल, म्हणजे आमच्या गाडीच्या इंधनाबद्दल, बोलायला हवं. पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याचं काम १.७ भाग हवेत भागतं. खरं तर किलोला किलो तोललं तर पेट्रोलमध्ये ऊर्जा जास्त आहे. पण इंजिनाला एका घासात मिळणारी हवा ठरलेली असते. तेवढ्याच हवेत नायट्रो आठ-नऊ पट जाळता येतं, आणि सगळा हिशेब केला की ताकद पेट्रोलच्या दुपटीहून जास्त निघते. त्यामुळे आमच्या इंजिनात इंधनाचा फवारा उडत नाही, नळ सोडल्यासारखं ते ओतलं जातं. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की तिथे न जळलेलं इंधन साचतं. द्रव काही दाबला जात नाही. पिस्टन वर येतो आणि त्याला जागाच नसते. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर हेड उचललं जातं, नाहीतर ब्लॉकच फुटतो.

आणि जे जळत नाही, फुटतही नाही, ते पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून प्रत्येक धावेनंतर ऑइल बदलायचं. साडेपाच सेकंद वापरलेलं ऑइल! आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, आम्ही तळणीचं तेलसुद्धा दोनदा वापरतो."

दोन धावांच्या मधे साधारण दीड तास मिळतो. टीमचं सगळं आयुष्य या दीड तासात आहे. धाव बघायला लोक तिकीट काढून येतात. आम्ही सातांपैकी निम्मे ती धड बघतही नाही. गाडी सुटताक्षणी आम्ही ती परत आणण्यासाठी ट्रककडे पळत असतो.

गाडी पिटमध्ये, म्हणजे आमच्या दुरुस्तीच्या जागेत, आली की इंजिन इतकं तापलेलं असतं की त्याच्याशेजारी उभं राहिलं तरी गाल भाजतात. कुणी कुणाला काही सांगत नाही. मास्तर आठही प्लग काढतो आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने लाकडी फळीवर मांडतो. प्लगच्या टोकाशी वाकवलेली पट्टी असते, तिच्यावर निळसर रंग कुठवर चढलाय यावरून त्या सिलिंडरला किती उष्णता लागली ते समजतं. पट्टीच वितळून गेली असेल तर मास्तर नुसता ओठ चावतो. तोवर क्लचच्या चकत्या बाहेर आलेल्या असतात आणि मिस्त्रींची मुलगी त्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहीत असते. वहीच. तिच्याकडे लॅपटॉप आहे, पण तो ट्रकमध्ये.

मी गाडीखाली. ऑइल परातीत पडतं तेव्हा आधी रंग बघायचा. दुधी, राखाडी असेल तर इंधन उतरलंय, आणि ते ठरलेलंच असतं. त्यात चमक दिसली तर मात्र हाक मारायची. ती चमक म्हणजे बेअरिंगचा धातू. मग खालची परात, म्हणजे इंजिनाची स्वतःची ऑइल पॅन, उतरवायची. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची अर्धगोल कवचं काढून पुसायची आणि प्लगसारखीच क्रमाने मांडायची. स्फोटाचा मार वरच्या कवचावर बसतो, म्हणून ते जास्त बोलतं. नजरेला गुळगुळीत दिसलं तरी त्याच्यावरून नख फिरवून बघायचं. नख अडलं की कवच बाद. हातमोजे घालून हे जमत नाही. एवढ्यासाठी मोजे उतरवायचे आणि मग तो वास बोटांत बसायचा तो बसतोच.

या खेळात मुंगूस कुठून आला, हेही सांगतो. त्यात आपला संबंध आहे.

साठच्या दशकात डॉन प्रुडोम नावाचा ड्रायव्हर स्टार्टवरून इतक्या चपळाईने सुटायचा की त्याला सगळे 'स्नेक' म्हणायचे. त्याच्याशी टक्कर देऊन गर्दी खेचायची तर समोर कोण हवं? १९६४ मध्ये एड डोनोव्हन नावाच्या इंजिन बनवणाऱ्या माणसाने टॉम मॅक्युएनला नाव देऊन टाकलं, 'मंगूस'. सापाला मुंगूस. इंग्रजीतला हा शब्द मुळात आपल्या मराठी 'मुंगूस'वरूनच गेलेला. पुढे या दोघांनी मॅटेल कंपनीला गाठलं आणि १९७० मध्ये हॉट व्हील्सचं नाव लावलेल्या दोन गाड्या पट्ट्यावर उतरवल्या. प्रुडोमची पिवळी, मॅक्युएनची लाल. त्यांची खेळण्यातली रूपं जगभरच्या पोरांच्या हातात गेली. रेसच्या गाड्यांचा खर्च खेळणी बनवणाऱ्या कंपनीने उचलला. मी पिटमध्ये हे मराठीचं प्रकरण सांगितलं तेव्हा मास्तरला खरं वाटेना. त्याने घरी जाऊन शब्दकोश पाहिला आणि पुढच्या शनिवारी आल्या आल्या माझ्यासमोर उभं राहून म्हणाला, "मूंगूझ." उच्चार चुकला, पण मला बरं वाटलं.

१९७८ मध्ये मॅक्युएनचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत इंडियानापोलिसच्या यू. एस. नॅशनल्समध्ये तो उतरला आणि अंतिम फेरीत समोर प्रुडोम होता. मॅक्युएन जिंकला. मिस्त्री हे सांगताना नेहमी पाना खाली ठेवतात.

एड डोनोव्हनचं नाव आमच्या गाडीतही आहे. १९७१ मध्ये त्याने क्रायस्लरच्या जुन्या ३९२ हेमी इंजिनावर बेतलेला ॲल्युमिनियमचा ब्लॉक काढला, डोनोव्हन ४१७. आमचं इंजिन त्याच ब्लॉकचं. त्याच्यावर बसवलेला, इंजिनात हवा कोंबणारा ब्लोअर ६-७१ जातीचा. हा मुळात जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा भाग, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ६-७१. ट्रकमधून निघालेली वस्तू पोरांनी रेसच्या गाडीवर चढवली. जुगाड हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, एवढंच.

आता एक कबुली. 'जुनी गाडी' हे आमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. चेसिस नवी, पोलाद नवं, ड्रायव्हरचा आगरोधक सूट नवा, टायर नवे. साठच्या दशकात ही गाडी जितकी पळाली असती त्यापेक्षा आज कितीतरी जास्त पळते. मग जुनं काय? बसण्याची जागा. इंजिन पुढे आणि ड्रायव्हर मागच्या चाकांच्याही मागे, गलोलीत ठेवलेल्या दगडासारखा. म्हणून या घडणीचं नावच स्लिंगशॉट. इंजिन फुटलं तर सगळं त्याच्या अंगावर. गिअरबॉक्स, क्लच त्याच्या पायांमध्ये. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स पट्ट्यावर डॉन गार्लिट्स नावाच्या ड्रायव्हरच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग गेला. त्याने इंजिन मागे असलेली गाडी बांधली, १९७१ मध्ये पोमोनाची विंटरनॅशनल्स जिंकली, आणि काही वर्षांत पुढे इंजिन असलेल्या गाड्या मोठ्या शर्यतींतून नाहीशा झाल्या. शहाणपणाने नाहीशा झाल्या, असं माझं मत. आम्ही तरी तीच गाडी पळवतो. आमचा ड्रायव्हर परत येतो तेव्हा चष्म्यावर ऑइलचे ठिपके असतात. तो ते पुसत नाही, मला दाखवतो. किती ठिपके, त्यावरून मला कुठलं गॅस्केट बघायचं ते समजतं.

फमोसोची मार्चमधली शर्यत १९५९ मध्ये सुरू झाली, तीही एका भांडणातून. १९५७ मध्ये राष्ट्रीय संघटनेने नायट्रोवर बंदी घातली होती. बेकर्सफील्डच्या 'स्मोकर्स' नावाच्या मंडळाने ती जुमानली नाही आणि स्वतःची शर्यत भरवली. गार्लिट्स देशाच्या दुसऱ्या टोकाहून, फ्लोरिडाहून, आला आणि हरला. आर्ट क्रिसमन जिंकला. त्या गर्दीत मिस्त्री वडिलांच्या खांद्यावर बसून होते. त्यांना शर्यत आठवत नाही, डोळे चुरचुरलेले तेवढे आठवतात. ते आजही चुरचुरतात. पिटमध्ये आम्ही इंजिन गरम करायला सुरू करतो तेव्हा लोक मुद्दाम जवळ येऊन उभे राहतात, धुराने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि ते हसत असतात. पोरं-बाळं कान झाकून. मी तेव्हा गॅसमास्क लावलेला असतो. मला काही हौस नाही.

पैशांचं विचाराल, तर बक्षिसात नायट्रोसुद्धा सुटत नाही. टी-शर्ट विकतो, मिस्त्रींचं पेन्शन आहे, आणि वर्षात एखादी शर्यत आम्ही सरळ टाळतो.

तिसऱ्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. दुपारची फेरी, वेळ कमी, मी ऑइल सोडलं, नवं भरायची तयारी केली, ड्रेन प्लग हाताने फिरवून बसवला आणि कुणीतरी पाना मागितला म्हणून उठलो. पान्याने आवळायचा राहिला. गाडी रांगेत गेली. पट्ट्यावर ऑइल सांडणं हे या खेळात मोठं पाप. मागच्या चाकाखाली आलं तर गाडी भिंतीवर जाते, आणि नाही आलं तरी पट्टा धुवायला तास जातो, सगळ्यांचा. इंजिन सुरू करण्याआधी मिस्त्रींची मुलगी सवयीने खाली वाकली. काँक्रीटवर एकच थेंब होता. तिने हात वर केला, आम्ही गाडी रांगेतून ओढून बाजूला घेतली, आणि ती फेरी न पळताच हरलो.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं, असं वाटण्याइतकी शांतता होती. संध्याकाळी मिस्त्रींनी एक लाल फडकं फाडून त्याची पट्टी माझ्या डाव्या मनगटावर बांधली. प्लग सोडला की पट्टी बांधायची, पान्याने आवळला की सोडायची. पट्टी हाताला असेल तर गाडी हलणार नाही. आता गाडी ओढण्याआधी सातही जण आधी माझ्या मनगटाकडे बघतात. नवीन येणारे समजतात की कुठल्या देवाचा दोरा आहे. मी नाही म्हणत नाही.

परवाच्या मार्चमध्ये आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. तीन नंबरच्या सिलिंडरने अर्ध्या वाटेत दम सोडला. परातीत चमक होती, ती मी आधी पाहिली. कवचं मांडली, नख फिरवलं, अडलं. रात्री दहापर्यंत सामान ट्रेलरमध्ये भरलं, बदामाच्या बागांतून घरी आलो, तीनदा हात धुतले. एकदा साबणाने, एकदा लिंबाने आणि एकदा भांड्यांच्या पावडरीने.

सोमवारी सकाळी बायकोने वरण-भाताचं ताट पुढे ठेवलं, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि काही न बोलता ताटात चमचा ठेवला.

नमस्कार.