जर्नलमधले खोडलेले रीडिंग

अध्यक्षमहोदय, प्राध्यापक सहकारी आणि विद्यार्थिमित्रहो,

विज्ञान महाविद्यालयात विद्यार्थ्यांना आधार कसा द्यावा, या विषयावर कोल्हापुरात बोलायचे तर आरंभ बोर्डिंगांपासूनच करावा लागतो. महाविद्यालयाची दारे उघडली, तरी खेड्यातल्या मुलाच्या राहण्याजेवण्याची सोय झाल्याशिवाय तो त्या दारातून आत येऊ शकत नाही, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगांची मालिकाच या शहरात उभी राहिली. आज गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीहून येणाऱ्या मुलामुलींना एसटीचा पास आणि शिष्यवृत्ती मिळते, तरीही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत ती एकटी पडतात. त्यांची जर्नल्स, म्हणजे प्रयोगांच्या वह्या, नीटनेटकी असल्यामुळे ते आपल्या ध्यानात येत नाही.

मी रसायनशास्त्र शिकवत असतानाचा एक प्रसंग सांगतो. आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचे टायट्रेशन चालू होते, म्हणजे ठरावीक आम्लासाठी किती सोड्याचे द्रावण लागते हे मोजणे चालू होते. गगनबावड्याकडून येणारी एक मुलगी कोपऱ्यातल्या टेबलावर काम करीत होती. तिच्या जर्नलमध्ये १०.४ हे रीडिंग खोडरबराने पुसून त्यावर ९.८ लिहिलेले होते आणि पुसल्यामुळे तिथला कागद पातळ झाला होता. मी कारण विचारले. बराच वेळ ती बोललीच नाही, मग हळूच म्हणाली, "सर, सगळ्यांचं नऊ पॉइंट आठ आलंय. माझं चुकलं तर सही मिळत नाही, परत करायला लागतंय, आणि तवर गाडी जातीया."

मी तिच्याच टेबलावर पुन्हा टायट्रेशन केले. ब्यूरेट, म्हणजे खुणांची काचनळी, सोड्याच्या द्रावणाने भरून थेंब थेंब सोडत गेलो आणि फ्लास्कमध्ये फिकट, पण टिकणारा गुलाबी रंग आला, तेव्हा रीडिंग १०.४ होते. त्या टेबलावरची कॉस्टिक सोड्याची बाटली आधीच्या बॅचपासून उघडी राहिली होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यातल्या काही सोड्याचा कार्बोनेट झाला होता आणि गुलाबी रंग देणारे फिनॉल्फ्थॅलीन हे दर्शक वापरले की असे द्रावण जास्त लागते, म्हणजे रीडिंग वाढतेच. तिच्या बाटलीपुरते तिचे निरीक्षण खरेच होते आणि आमच्या पद्धतीने तिला तेच पुसायला लावले. जर्नल सर्टिफाय करणारी सही माझीच असल्यामुळे हा प्रसंग मी आजवर विसरू शकलेलो नाही. या सभागृहात ज्यांनी कधीच शेजाऱ्याचे रीडिंग उतरवून घेतले नाही, त्यांनी कृपया हात वर करावा. एकही हात वर आला नाही. तेव्हा ही गोष्ट आपल्यापैकी कोणालाच नवी नाही.

भाषेचा मुद्दाही याला लागूनच आहे. बारावीपर्यंत विज्ञान इंग्रजीतून शिकले, तरी या मुलांचे विचार करणे मराठीतच चालते. त्या मुलीने बाटलीविषयीची शंका मनात आणली होती, असे तिने नंतर मला सांगितले. पण ती इंग्रजीत कशी विचारायची, या विवंचनेत तास संपला. मराठीतून शंका विचारायला मुभा आहे, एवढे एक वाक्य मी पहिल्याच दिवशी बोललो असतो, तर तो आकडा पुसला गेला नसता.

अध्यक्षांची वेळेची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे सुधारणांचा भाग मला आटोपता घ्यावा लागतो. जर्नलमध्ये आकडा खोडण्यास मनाई असावी, आणि वेगळ्या आलेल्या रीडिंगचे कारण जो शोधेल त्याला गुण मिळावेत. पहिल्या सत्राचे सुरुवातीचे सहा आठवडे प्रत्येक बॅचला एक अनुभवी प्राध्यापक पूर्ण वेळ द्यावा. आज नेमके उलट घडते आणि सर्वांत नवखा, तासिका तत्त्वावरचा शिक्षक पहिल्या वर्षाकडे पाठवला जातो. मार्गदर्शक प्राध्यापकाने विद्यार्थ्याला वर्षातून एकदा फॉर्म भरून घेण्यासाठी बोलावू नये, त्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहावे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना 'कमवा आणि शिका' योजनेतून प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेता येईल, कारण अडलेला मुलगा आधी त्यांनाच विचारतो. आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस हजेरी क्रमांकाने न पाडता, प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाच्या गावाची शेवटची एसटी किती वाजता सुटते हे नोंदवून घेऊन, लांबच्या मुलांना सकाळची बॅच द्यावी. येत्या जूनच्या प्रवेश अर्जात एवढा एक रकाना वाढवावा, अशी माझी इथे उपस्थित प्राचार्यांना विनंती आहे.