जुन्या विलीज पिकअपला कुठला गिअरबॉक्स बसवायचा?

नमस्कार मंडळी! विलीज पिकअपचा, म्हणजे जीपच्या घराण्यातल्या जुन्या मालगाडीचा, व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "दादा, मूळचा टी-९० बॉक्स काढून बोलेरोचा पाच गिअरवाला बसवू का?" काही जण तर थेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून फोटो पाठवतात. गिअरबॉक्स फुटपाथवर, शेजारी दुकानदाराची चप्पल, आणि खाली लिहिलेलं, "घेऊ का? लवकर सांगा." घेऊ नका. आधी हे ऐका, मग खिशात हात घाला.

प्राथमिक गोष्टी पटकन उरकतो. फोर बाय फोर विलीज पिकअपला टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स असतो आणि त्याच्या पाठीला स्पायसर १८ ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारी रिंग, नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. त्यामुळे "चालत्या गाडीत पहिला पडत नाही, बॉक्स गेला का?" असं विचारणाऱ्यांनो, तुमचा बॉक्स ठणठणीत आहे. गाडी थांबवून पहिला टाका, नाहीतर डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबून गिअर टाकणं, शिकून घ्या. दुसरा गिअर आपोआप सुटत असेल तर मात्र बॉक्स उघडावा लागेल. टी-९० चं ते जुनं दुखणं आहे, आणि ते दुरुस्त होतं.

आता निवडीकडे येऊ. सगळे जण गिअर मोजतात. तीनपेक्षा पाच बरे, एवढाच हिशेब. पण गाडी पाच गिअर आहेत म्हणून पळत नाही. आधी मागच्या एक्सलचा क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणारी दात्यांची जोडी, बघा. या गाड्यांना बहुधा ५.३८ असतो, म्हणजे क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८, शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांत चाकाची एक. पण इतक्या वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही, म्हणून स्वतः मोजा. मागची दोन्ही चाकं उचला, प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा, दोन्ही चाकं एकत्र एक फेरी फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते बघा.

टायरची एक फेरी २.३ मीटर धरली तर ५.३८ वर ताशी ८० ला इंजिन साधारण ३१२० आरपीएमवर ओरडत असतं. टॉप गिअर ०.८ चा, म्हणजे इंजिनाच्या ०.८ फेरीत शाफ्टची एक फेरी देणारा, मिळाला तर तेच २५०० वर येतं. सायन-पनवेल हायवेवर हा फरक कानाला आणि इंजिनाला, दोघांना कळतो. म्हणजे पाचवा गिअर हवासा वाटणं चुकीचं नाही. पण पहिल्या गिअरचंही बघा. टी-९० चा पहिला २.८ चा आहे, म्हणजे हजार आरपीएमला गाडी ताशी ९ च्या आसपास चालते. पहिला गिअर ४ चा असलेला बॉक्स घातला तर तीच गाडी साडेसहाच्या आत रांगते. कुर्ल्याच्या ट्रॅफिकमध्ये भरलेल्या गाडीला हे बरं. रिकाम्या गाडीला पहिला जवळजवळ लागणारच नाही. तुम्ही गाडी कुठे आणि किती माल घालून चालवणार, त्यावर उत्तर ठरतं.

आता बोलेरोच्या बॉक्सबद्दल. टू-व्हील ड्राइव्ह गाडीतून निघालेल्या बॉक्सचा शाफ्ट मधोमध मागे बाहेर येतो. आपल्या विलीजमध्ये टी-९० चा मेन शाफ्ट थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरतो आणि तिथून ताकद खाली आणि उजवीकडे सरकून बाहेर पडते. म्हणून मागच्या एक्सलचा पिनियनही उजवीकडेच असतो. मधला शाफ्ट आणि उजवीकडचा पिनियन यांना तिरका प्रोपेलर जोडला की क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे सांधे, सतत ताणाखाली फिरतात आणि लवकर जातात. एवढं करूनही फोर बाय फोर गेलंच.

आणि आता ते, ज्यासाठी मी खरं तर कॅमेरा लावलाय. अडॅप्टर प्लेट, म्हणजे इंजिन आणि परका गिअरबॉक्स जोडणारी प्लेट. बोल्ट बसले म्हणजे गिअरबॉक्स बसला, हे डोक्यातून काढून टाका!

गिअरबॉक्सचा टॉप शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून ताकद घेणारा शाफ्ट, क्लच प्लेटमधून जातो आणि त्याचं टोक क्रँकच्या मागच्या टोकातल्या छोट्या नळीत, पायलट बुशमध्ये, बसतं. इंजिनाचा मध्य आणि बॉक्सचा मध्य एका रेषेत हवेत. पुठ्ठ्यावर भोकं छापून लेथवाल्याकडून प्लेट बनवली की बोल्ट जातातच, कारण बोल्टच्या भोकांना थोडी मोकळीक असते. मध्य धरायचं काम बोल्टचं नाही. ते काम गोल खाचेचं आणि डॉवेल पिनांचं, म्हणजे जागा अचूक धरणाऱ्या घट्ट खुंट्यांचं.

मध्य चुकला तर काय होतं? मुलुंडच्या एका प्रेक्षकाने पायलट बुश कुरिअरने पाठवला होता. तो हातात धरला तर आतून झिजून नखाइतका पातळ झालेला. असं झालं की क्लच दाबूनही टॉप शाफ्ट फिरत राहतो, गिअर टाकताना किरकिर होते, टॉप गिअर सुटतो. त्यांनी या त्रासापायी दुसरा बॉक्स विकत आणला आणि बसवला त्याच प्लेटवर! पैसे दोनदा गेले. बॉक्स दोन्ही चांगलेच होते.

मग तपासायचं कसं? डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं घड्याळ, घ्या आणि त्याचा मॅग्नेट फ्लायव्हीलला चिकटवा. क्लच हाउसिंग प्लेटसकट घट्ट आवळा, गेजची पिन मागच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि इंजिन हाताने एक फेरी फिरवा. पूर्ण फेरीत काटा १० थाऊच्या, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. मिस्त्री म्हणेल, "आवळल्यावर सेट होईल." होत नाही. तुमच्यासमोर गेज लावायला सांगा. तो नाही म्हणाला तर गाडी उचला आणि दुसरं गॅरेज शोधा.

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय की वडिलांची गाडी रविवारी कर्जतपर्यंत रोपं घेऊन जाते, तिला काय घालू? ताई, टी-९० च नीट बांधून घ्या. हायवेला वेग कमी वाटला तर स्पायसर १८ च्या मागच्या गोल झाकणाच्या जागी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगासाठीचा जादा गिअर, बसतो. तो आरपीएम साधारण पाव हिश्श्याने उतरवतो. परदेशातून मागवावा लागेल, पण चॅसिस कापावं लागत नाही आणि प्रोपेलर जिथल्या तिथे राहतात.

न कापण्याचं अजून एक कारण आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो, आणि त्यासाठी गाडी मूळ रूपात, मोठे फेरफार न केलेली असावी लागते. त्या नंबरवर धंद्याची वाहतूक मात्र चालत नाही. तुमच्या मनात तो नंबर असेल तर काढलेला टी-९० भंगारात देऊ नका.

ऑइलचं विचारणारेही बरेच आहेत. डब्यावर जीएल-४ ही गिअर ऑइलची प्रत लिहिलेली बघून घ्या, जाडी ८०डब्ल्यू-९०. "जीएल-५ जास्त भारी" म्हणून गळ्यात मारतील, पण त्यातली रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना खाऊ शकतात. एक्सलमध्ये जीएल-५ चालतं, बॉक्समध्ये नको.