आज आपलं पाणी आहे

दृश्य : उजनी धरणाचा पसारा. तिथून थेट सोलापुरातला चहाचा गाडा.

जुलै महिना. सात रस्त्याजवळच्या चहाच्या गाड्यावर दोन ओळखीचे भेटतात. तब्येतपाणी नंतर, आधी प्रश्न येतो, "उजनी किती?" उत्तर येतं, "अजून मायनसमध्येच आहे बघा. पण दौंडचा विसर्ग वाढलाय म्हणे."

बाहेरगावच्या माणसाला यातलं काही कळणार नाही. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्यात 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट पाणी मावतं, पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृतसाठा, म्हणजे एरवी हात न लावायचा तळचा साठा म्हणून धरतात. पाणी त्या रेषेच्या वर असलं की धरण प्लसमध्ये, खाली गेलं की मायनसमध्ये. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 60 टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं, म्हणजे रेषेवरच्या वापरायच्या साठ्याच्या 60 टक्क्यांइतकं पाणी मृतसाठ्यातून गेलं होतं. सोलापूरचा स्वतःचा पाऊस बेताचाच. धरण भरतं ते पुण्याकडच्या पावसावर. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, घोड, सगळ्यांचं पाणी भीमेला मिळतं आणि दौंडवरून उजनीत उतरतं. त्यामुळे खडकवासल्याचे दरवाजे उघडले की पुण्यात नदीकाठच्या लोकांची झोप उडते आणि सोलापुरात माणसं समाधानानं बातमी वाचून दाखवतात.

त्याच 2024 च्या ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरलं. तरीही सोलापूरच्या नळाला रोज पाणी आलं नाही.

दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. काही तारखांभोवती पेनानं केलेले गोल.

इथं पाण्याला दिवस असतो. "आज आपलं पाणी आहे" असं म्हणतात. जुन्या पेठांचा दिवस वेगळा, होटगी रोडचा वेगळा, जुळे सोलापूरचा वेगळा. कुठं तीन दिवसांआड, कुठं चार, कुठं पाच. 1992 मध्ये शहराची हद्द वाढली, आजूबाजूची गावं शहरात आली. त्या सगळ्या पट्ट्याला आजही 'हद्दवाढ भाग' म्हणतात. घरं भराभरा उठली, पाइप मात्र मागून, सावकाश येत राहिले. त्या भागातल्या बायका पाण्याबद्दल बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आणि त्यांनी थांबावं असं मला वाटत नाही.

धरणापासून शहरापर्यंत सुमारे 110 किलोमीटरची जलवाहिनी आहे. पाणी पाकणीला येतं, शुद्ध होतं, टाक्यांत चढतं, तिथून पेठापेठांत वाटलं जातं. दुसरी वाट नदीची. उजनीतून भीमेत पाणी सोडायचं, ते पंढरपूरवरून वळणं घेत औज बंधाऱ्यात पोचायचं, तिथून टाकळीला उचलायचं आणि सोरेगावला शुद्ध करायचं. या वाटेत ऊन बरंच पाणी पिऊन टाकतं, वाळू थोडं पिते आणि काठावरच्या मोटारीही आपला वाटा घेतात. म्हणून पहिलीच्या जोडीला दुसऱ्या, समांतर जलवाहिनीची वाट इथं लोकांनी वर्षानुवर्षं पाहिली. ती हवीच होती. पण शहराच्या वेशीपर्यंत जास्त पाणी आणलं आणि आत पुरेशा टाक्या आणि धड पाइप नसले, तर ते पाणी वेशीवरच अडतं. हे गल्लीतल्या बाईला नेमकं ठाऊक असतं. ती म्हणते, "धरणात आहे हो, नळात नाही."

दृश्य : पूर्व भाग. पहाटेची गल्ली. उंबऱ्यापाशी ओळीनं मांडलेल्या घागरी, बादल्या, निळं पिंप.

सोलापूरचा पूर्व भाग यंत्रमागांचा आणि विड्यांचा. अशोक चौक, साखर पेठ, नीलम नगर. इथं तेलुगू बोलणारी विणकरांची घरं आहेत, कानडी घरं आहेत, मराठी आहेत, उर्दू आहेत. पहाटे दार उघडून जो प्रश्न विचारला जातो तो एकच. "नीळ्ळु वच्चाया?" "नीरु बंता?" "पानी आया क्या?" "पाणी आलं काय?"

कुणी उत्तर देत नाही. सगळ्यांचे कान तोटीकडे असतात.

आधी हवा येते. नळ फुसफुसतो, खाकरतो, दोन थेंब टाकतो आणि गप्प होतो. मग एकदम तांबूस पाणी भसकन येतं. ते अंगणात सोडायचं, नाहीतर तुळशीला घालायचं. जाणती बाई ओंजळीत धरून रंग बघते, वास घेते. रंग निवळला की तोटीला पांढऱ्या धोतराचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा बांधते. पहिली भरायची ती तांब्याची घागर. ती देवाची आणि पिण्याची. मग स्वयंपाकाचं पिंप, मग हौद, मग बादल्या, शेवटी पातेली, डबे, टोप. घरात जे जे म्हणून पाणी धरू शकतं ते सगळं बाहेर आलेलं असतं. लहान पोरगं मध्येच आपली शाळेची बाटली आणून धरतं आणि आई तीही भरून देते.

या वेळी कुणाला फोन करू नये. कुणी उचलत नाही.

तक्रार पाणी कमी आहे एवढीच असती तर सोलापूरकरानं ती केव्हाच गिळली असती. हे शहर दुष्काळ पाहिलेलं आहे. माणसाला पोखरते ती वेळ. दिवस ठरलेला असतो, घटका ठरलेली नसते. पहाटे चारला येईल, रात्री एकलाही येईल. उपसा केंद्रावर वीज गेली, कुठं जलवाहिनी फुटली, की वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी येतात, पाणीपुरवठा एक दिवस पुढे ढकलला आहे. त्या दोन ओळी ज्यांच्यासाठी असतात त्यांच्यातल्या कित्येकींच्या घरी वर्तमानपत्र येत नाही. त्या आपल्या बसून राहतात.

दृश्य : सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई. हातांचं जवळचं दृश्य. चेहरा नाही.

बसून राहण्याची किंमत पाहायची तर हे हात बघा. टेंभुर्णीचं पान आदल्या दिवशी भिजवून मऊ केलेलं. पत्र्याचा माप पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, अंगठ्याच्या एका फिरकीत वळण, टोक दुमडून दोऱ्याचा फेरा. बोटं इतकी सवयीची की नजर दारातल्या नळावर ठेवूनही विडी सरळ येते. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबानं. हात चालतील तेवढीच कमाई. पाण्याच्या दिवशी हात दोनतीन तास हंड्याखाली जातात, आदल्या रात्रीचं जागरण डोळ्यांवर असतं, आणि संध्याकाळी कारखान्यात द्यायचा माल हजाराला कमी भरतो. पाणीपट्टीच्या बिलावर जी रक्कम असते तिच्यात ही तूट कुणी धरलेली नसते. मला ही गोष्ट फार लागते. या शहरात पाण्याचा हिशेब दशलक्ष लिटरमध्ये मांडतात. तो एकदा बायकांच्या तासांमध्येही मांडायला हवा.

आणि पान भिजवायलाही पाणीच लागतं, हे विसरू नका.

दृश्य : झाकण लावलेली पिंपं. आरोग्य कर्मचारी बॅटरीचा झोत टाकून आत बघतोय.

पावसाळ्यात आणखी एक माणूस दारात येतो. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी. पिंपाचं झाकण उघडून तो आत अळ्या शोधतो, औषधाचे दाणे टाकतो आणि सांगून जातो, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा, घासून पुसून वाळवा. त्याचं म्हणणं खरं आहे. डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटून राहतात आणि पाणी आटलं तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही, कडा घासावी लागते.

पण जिचं पाणी पाचव्या दिवशी येतं तिनं कोरडा दिवस कुठला पाळायचा? पिंप रिकामं करावं आणि त्याच दिवशी पाणी एक दिवस पुढं जावं, तर लेकरांना काय द्यायचं? पूर्व भागातल्या बायकांनी याचं उत्तर स्वतःच काढलंय. पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी उरलेल्या पाण्यात घोंगडी-गोधड्या भिजवायच्या, पिंप आडवं करायचं, नारळाच्या काथ्यानं आतून खसखसून घासायचं आणि पालथं घालायचं. तोच त्यांचा कोरडा दिवस. मात्र त्यासाठी उद्या पाणी नक्की येणार ही खात्री लागते. वेळेवर पाणी सोडणं हा डेंग्यूवरचाही उपाय आहे, आणि तो औषधाच्या दाण्यांपेक्षा स्वस्त पडेल असं माझं ठाम मत आहे.

दृश्य : गल्लीच्या चढावरचं शेवटचं घर.

भांडणंही होतात. नळाला थेट मोटार लावली की पुढच्या घरांचा दाब तुटतो. चढावरच्या शेवटच्या घरात धार करंगळीएवढी होते, मग दोऱ्याएवढी. वरून हाक येते, "कुणी लावलीय मोटार? बंद करा आधी!" खालून कुणीच कबूल होत नाही. आवाज चढतात, मागच्या वर्षीची उणीदुणी निघतात, कुणाच्या तरी सासूचा उद्धार होतो. अर्ध्या तासानं त्याच गल्लीत खालच्या घरातून हिरवा पाइप वर जाताना दिसतो. ज्या दोघी भांडत होत्या त्यांतली एक पाइप धरून उभी असते, दुसरी वरून ओरडते, "बास ताई, भरलं!" चहा मात्र त्या दिवशी होत नाही. तो दुसऱ्या दिवशी.

दृश्य : सकाळचे दहा. गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी.

पाणी येऊन गेलं की गल्लीचा चेहराच बदलतो.

हौद काठोकाठ आहे, पिंपांवर झाकणं बसलीत, घागरीवर ओलं फडकं गुंडाळलंय. आता आंघोळ. चार दिवस अर्ध्या बादलीत उरकलेलं अंग आज दोन बादल्यांत भिजतं. आजोबा पाठीवर एक तांब्या जास्तीचा घेतात आणि कुणी काही बोलत नाही. सुना न्हातात. पोरांना हौदाच्या कडेला उभं करून चोळून काढतात. आणि मग चादरी. सोलापुरी चादर कोरडी असतानाच हाताला भक्कम लागते, भिजली की ती पिळायला दोघं लागतात. दोन टोकांना दोघी, उलट्या दिशांनी पीळ, मध्ये पाण्याची धार, आणि ती धारही खाली बादलीत धरलेली. फरशी पुसायला होते. गच्चीवर ओळीनं निळ्या, तांबड्या, हिरव्या चादरी पडल्या की अख्खा मोहल्ला नवा दिसतो.

स्वयंपाकाला त्या दिवशी कुणाचे हात चालत नाहीत. चालवायची गरजही नसते. ज्वारीची कडक भाकरी डब्यात असतेच. पापडासारखी कुरकुरीत, आठवडेच्या आठवडे टिकणारी. सोबत शेंगाची चटणी, दही, कांदा. ना चूल, ना भांड्यांचा ढीग. पाणी जपून वापरणाऱ्या मुलखानं हे जेवण शोधलं, असं मी समजतो. भाकरी मोडताना आवाज होतो, चटणीत दही कालवलं की वर तेलाचा लालसर तवंग येतो, आणि रात्रभर जागलेली बाई भिंतीला टेकून, पाय पसरून, पहिल्यांदा निवांत जेवते.

याला गरिबीतलं समाधान म्हणून कुणी गोड करून सांगू नये. या बायकांना रोज पाणी हवंय, आणि ते त्यांच्या हक्काचं आहे. तोवर निदान घड्याळ पाळा, एवढंच त्या मागतात. पहाटे पाच म्हटलं तर पाच. उशीर होणार असेल तर फोनवर एक निरोप, तोही चारही भाषांत. त्यांची ही मागणी मोठी नाही. तिला नवं धरण लागत नाही.

दृश्य : दुपार. उंबऱ्यात बसून फोनवर बोलणाऱ्या काकू. पाठमोऱ्या.

जेवण झाल्यावर काकू अक्कलकोटला बहिणीला फोन लावतात. बहीण, मेहुणे आणि तिची दोन नातवंडं गेले पंधरा दिवस यायचं म्हणताहेत आणि दर वेळी यांनीच पुढं ढकललंय. आज त्यांचा आवाज गल्लीच्या त्या टोकापर्यंत जातो.

"अगं, उद्याच या. राहायलाच या! हौद भरलाय, पिंपं भरलीत, चादरीसुद्धा धुतल्यात. पोरांना घेऊन ये, खुशाल आंघोळी करू देत. आणि हे बघ, गुरुवारपर्यंत राहा. गुरुवारी परत आपलं पाणी आहे, तू असलीस तर तेवढाच मला हात!"